बोकडाची डबल बेल

आधीच सांगून टाकतो, यावर तुमचा कोणाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर उलट मलाच वाईट वाटेल. ऐकल्याबरोबर जिच्यावर विश्वास बसतो ती गोष्ट कसली, ती सूचना. आणि सूचना द्यायला आमच्या घरात माणसं पुष्कळ आहेत. तर ऐका. एका बोकडाने, एक शिंग मोडलेल्या आणि माझ्यापेक्षा बरी दाढी असलेल्या बोकडाने, माझ्या सख्ख्या मुलाची गाडी मला रस्त्यावर ठेवून हाकलून दिली. मुलगा गेला, सून गेली, नात गेली, माझा चष्मा गेला, माझी शालही गेली. मागे उरलो मी, समुद्र आणि बोकड. पैकी बोकडही थोड्या वेळाने कामाला निघून गेला.

हे सगळं आज संध्याकाळी पुन्हा उफाळून आलं ते एवढ्याशा कारणाने. मी आमच्या इमारतीच्या फाटकापाशी बाकावर बसलो होतो. कोणाकडे तरी कपाट पोचवायला एक टेम्पो आला होता. हमालाने मागचं दार लावलं आणि पत्र्यावर उघड्या पंजाने मारलं: धप, धप. टेम्पो निघून गेला. झालं. यापलीकडे जगात काही घडलं नाही. वरच्या गॅलरीत कोणी चादर झटकत होतं ते झटकत राहिलं. पण माझा उजवा तळहात झणझणला. कोणी छडी मारावी तसा. झिणझिणी मनगटातून कोपरात, कोपरातून मानेत चढली, कानाची पाळी तापली, आणि माझा हात आपोआप गळ्याकडे गेला. गळ्यात कार्ड आहे. निळ्या नाडीला अडकवलेलं, प्लास्टिकच्या पाकिटातलं. त्यावर माझं नाव, मुलाचा फोन नंबर, आणि वर लाल अक्षरांत: हरवल्यास कृपया कळवा. हरवल्यास! छत्रीच्या दांड्यावर लिहितात तसं. ज्याने जन्मभर अख्ख्या शहराला ओरडून सांगितलं की तुमचा थांबा आला, उतरा, झोपलात काय, त्या माणसाच्या गळ्यात पोटच्या पोराने पाटी लटकवली. अंघोळीलाही काढायची नाही म्हणे, पाणी शिरत नाही त्यात. विचार करूनच घेतलंय. माझा मुलगा विचार केल्याशिवाय काही करत नाही, हेच तर त्याचं वाईट आहे.

"आजोबा, तोंड का असं झालं?" इस्त्रीवाल्याने विचारलं. फाटकाच्या आत, जिन्याखाली त्याचं टेबल आहे.

"काही नाही. राग आलाय."

"कोणाचा?"

"बोकडाचा."

फाटकावरचा पहारेकरी खुर्ची ओढत जवळ आला. त्याला हल्ली माझ्याजवळच बसावं लागतं. मी एकटा फाटकाबाहेर जाऊ नये असा त्याला हुकूम आहे. फौजदार बरोबर असेल तरच सोडायचं. फौजदार म्हणजे माझी नात. बोलायला लागली तेव्हापासून "कशावरून?" याखेरीज दुसरा प्रश्न तिने विचारला नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून पाय हलवत शेंगदाणे खात होती. सहलीहून आल्यापासून ती माझ्याबरोबर फाटकापर्यंत येते, बाकावर बसते, आणि "कशावरून" विचारत नाही. हेही मी मनात ठेवलं आहे. मी सगळं मनात ठेवतो. लोकांना वाटतं गळ्यात कार्ड आलं की आत काही राहत नाही.

"सांगा," इस्त्रीवाला म्हणाला. "पण बेताने. मागच्या वेळी तुमच्या गोष्टीपायी वकिलीणबाईंचं ब्लाऊज जळलं."

तर माझा मुलगा. तो विमा कंपनीत आहे. लोक सांगतात आमच्या गाडीला अपघात झाला, आमचं दुकान जळलं, आणि हा जाऊन बघतो की खरंच जळलं की जाळलं. पट्टी घेऊन ओरखडे मोजतो. जळक्या लाकडाचा वास घेतो. शेजाऱ्यांना गोड बोलून चहा पाजतो आणि त्यांच्या पोटातलं काढतो. मी आयुष्यभर थापा मारल्या आणि माझ्या पोटी शहानिशा जन्माला आली. लहानपणी असा नव्हता. मी बसचा कंडक्टर, लहानपणी सुट्टीच्या दिवशी त्याला ड्यूटीवर न्यायचो. माझ्या चामडी पिशवीला नाक लावून बसायचा आणि छताखालच्या घंटेच्या दोरीवर त्याची नजर. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. दुनियेत याहून स्वच्छ भाषा मी ऐकलेली नाही. मी त्याला उचलून धरायचो, तो दोरी ओढायचा, आणि एवढी मोठी बस, तिच्यातली जाडी माणसं, पिशव्या, कोंबलेली दप्तरं, सगळं त्या चिमुकल्या मुठीच्या शब्दावर हलायचं. रात्री अंथरुणात शिरला की फळीवर दोनदा वाजवून म्हणायचा, "डबल!" म्हणजे गोष्ट चालू. आणि मी चालू व्हायचो. त्याची आई दाराशी उभी राहून ऐकायची. थाप फारच मोठी झाली की नाक चोळायची, म्हणजे मला कळायचं, आता उतारावरून जरा हळू. आता कोणी नाक चोळत नाही. सरळ डॉक्टरकडे नेतात.

त्याने यंदा सहलीसाठी कॅराव्हॅन भाड्याने घेतली. चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची खोली, तिथे तो आणि सूनबाई. मध्ये पत्र्याची भिंत. मागे आम्ही, म्हणजे मी, फौजदार, शेगडी, घडीचे पलंग, आणि उघडलं की अंगावर पडणारं एक कपाट. बाजूला एक दार. अगदी मागे रुंद काच, ती नातीची जागा. पुढच्यांना मागचं दिसत नाही, मागच्यांना पुढचं. मग गाडी निघायची कशी? तेव्हा मुलगा स्वतः म्हणाला, त्याच्या तोंडचे शब्द आहेत हे, "अप्पा, तुम्ही सगळ्यांत शेवटी चढा, दार लावा आणि पत्र्यावर दोन द्या. तुमची डबल आली की मी निघेन." मला काय वाटलं सांगू का? नाही सांगत. निवृत्त झालेल्या माणसाला कोणी असं काम दिलं की त्याच्या पोटात जे होतं ते सांगण्यासारखं नसतं. दर मुक्कामावर मी शेवटी चढायचो. माणसं मोजायचो, दार ओढायचो, पंजा आपटायचो. धप, धप. आणि ते घर हलायचं. आरशात बघायचं नाही, वळून विचारायचं नाही. माझ्या दोन थापांवर त्याचा एवढा विश्वास. माझ्या बाकीच्या थापांवर नसला तरी.

मग ते गाव आलं. समुद्रकाठचं लहानसं गाव, एक रस्ता खाली उतरतो आणि पाण्यापाशी जाऊन संपतो, एवढंच. धक्का, धक्क्यावर उलट्या करून ठेवलेल्या होड्या, एक बर्फाचा कारखाना, पाव मिळणारं दुकान, एक न्हावी. ओहोटी होती. पाणी एवढं लांब गेलं होतं की बोलावल्याशिवाय परत येणार नाही असं वाटावं. चिखलाला लोखंडासारखा वास. सूनबाई पाव आणायला गेली, मुलगा टायर चाचपत बसला, आणि मी नातीला धक्क्याच्या टोकाला नेलं. इथलीच गोष्ट तिला दाखवायची होती. तुम्हाला ठाऊक आहे ती, पहारेकऱ्याला तर पाठ आहे: पूर्वी ओहोटीत बस या खाडीच्या तळावरून पलीकडे जायची, आणि एकदा मधोमध असताना भरती आली. घराएवढी लाट. ड्रायव्हरने डोळे मिटले, एक बाई रुमालाने काच पुसायला लागली, आणि मी काय केलं? मी घंटेची दोरी ओढली. एकदा. टण्. आणि लाट थांबली. जागच्या जागी. तिच्या पोटातले मासे दिसत होते, आम्हाला बघत होते. माणसं उतरली, चालत पलीकडे गेली, पिशव्या डोक्यावर. शेवटचा उतारू काठाला लागल्यावर मी डबल दिली, मग लाट गेली आपल्या वाटेने. सवय असते हो, घंटेची. लाटेलाही असते.

"इथे?" नात म्हणाली.

"अगदी इथेच. तो खांब दिसतो ना, तिथे लाट थांबली होती."

"अप्पा, बास," मागून आवाज आला. मुलगा. हात काळे, हातात फडकं. रागावला नव्हता. रागावला असता तर मी तोंड दिलं असतं. थकल्यासारखा बोलला. "तिने ही गोष्ट वर्गात सांगितली. खरी म्हणून. सगळा वर्ग हसला तिला. बाईसुद्धा. चार दिवस शाळेत जायला तयार नव्हती, तुम्हाला सांगू नका म्हणाली म्हणून सांगितलं नाही."

"हसले तर हसले! हसणं काय रोग आहे?"

"मी डेपोत जाऊन विचारलं, अप्पा. जुनी माणसं आहेत अजून. या गावाला आपली बस कधी आलेलीच नाही. हा मार्गच नव्हता. तुम्ही इथे आज पहिल्यांदा आलात."

वाऱ्याने त्याच्या हातातलं फडकं फडफडत होतं, आणि मी त्या फडक्याकडे बघत राहिलो. डेपोत जाऊन विचारलं. म्हणजे हा एक दिवस रजा काढून, पावडर लावून, चांगला शर्ट घालून डेपोत गेला, आणि माझ्याबरोबर उभं आयुष्य घालवलेल्या माणसांना चहा पाजून त्याने माझी चौकशी केली. जळक्या दुकानासारखी. माझे ओरखडे मोजले. बापाची शहानिशा! आणि ते हसले असतील. माझी माणसं! "काय रे, म्हातारा अजून लाटा थांबवतो का?" मला त्यांचे दात दिसले. माझ्या छातीत काहीतरी खालून वर उकळत आलं. ते शब्द नव्हते, वाफ होती. मला ओरडायचं होतं की अरे गाढवा, बस आली नव्हती हे सांगायला डेपो कशाला हवा, ते मला ठाऊक नाही काय? लाट थांबते का? तू सहा वर्षांचा होतास तेव्हा तुलाही ठाऊक होतं की लाट थांबत नाही, तरी तू माझ्या दंडाला धरून म्हणायचास, "मासे काय करत होते?" खरं आहे का असं कधी विचारलं नाहीस. मासे काय करत होते एवढंच. मी नातीकडे बघितलं. म्हटलं, ही तरी काही बोलेल. "कशावरून?" म्हणेल आपल्या बापाला. ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. बुटाला चिखल लागला होता, तो ती दुसऱ्या बुटाने काढत होती.

"चला, निघू," मुलगा म्हणाला.

मी हललो नाही. ते गेले, चढले. मी पाठमोरा समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो, आणि लाज वाटते पण कान मागे लावले. पत्र्याचं घर ते, आतलं सगळं बाहेर ऐकू येतं, याची आतल्यांना कल्पना नसते. सूनबाई म्हणाली, "अप्पा?" तो म्हणाला, "रुसलेत. येतील." आणि मग ती म्हणाली, तिच्या मनात वाईट नव्हतं, तिच्या मनात कधीच वाईट नसतं, ती दातांच्या दवाखान्यात काम करते आणि दुखणार नाही असं म्हणत म्हणतच माणसाला दुखवायची तिला सवय झालीय, "बसू दे जरा रागावून. तेवढीच शांतता." आणि माझा मुलगा हसला. फार नाही. नाकातून, लहानसं. तसं हसू मी ओळखतो, ते माझंच आहे, माझ्याकडून घेतलंय त्याने.

"आणि मग बोकड," पहारेकरी म्हणाला.

"मग बोकड. मी गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी आलो, आरशात दिसत नाही त्या बाजूला, चढायलाच आलो होतो. एवढ्यात वारा आला आणि दार धाडकन लागलं."

"वाऱ्याने?"

"समुद्राचा वारा आहे तो, तुमच्या गॅलरीतला नव्हे. दार लागलं, आणि होड्यांच्या आडून हा आला. एक शिंग. पिवळे डोळे. त्याला पत्र्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि स्वतःचं तोंड बघून कोणाला राग येत नाही? दिली धडक. धप! मग मागे सरकला. मग पुन्हा. धप! आणि माझा चिरंजीव, आरशात न बघता, वळून न विचारता..."

गेला. घर गेलं. मागची रुंद काच उन्हात पांढरी झाली, लहान होत चढावर चढली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. धुरळा खाली बसला. तुम्हाला वाटेल मी हाका मारल्या असतील. मी बोट वर केलं नाही. म्हटलं जा. मी पुलाच्या कठड्यावर बसलेल्या माणसासारखा शांत होतो आणि कानशिलं ठणकत होती. म्हटलं आता वळतील. त्या वळणावर वळतील. दार उघडून बघतील, म्हातारा नाही, आणि बोंब होईल. मी त्यांना काय काय बोलायचं ते जुळवू लागलो. फार सुंदर वाक्यं होती ती. एकेक वाक्य असं की ऐकणाऱ्याने भिंतीला टेकावं. वाक्यं संपली तरी रस्ता रिकामा. मग मी ती परत पहिल्यापासून म्हटली, आणि या खेपेला ती तितकीशी सुंदर वाटली नाहीत. चढावरून एक सायकल आली. मग काहीच नाही. तेव्हा मला उमगलं की ते वळणारच नाहीत, कारण त्यांना काही कमी झाल्यासारखं वाटतच नाही. मी जन्मभर बडबडलो. माझा आवाज बंद झाला तर भिंत पडल्यासारखं वाटायला हवं. पण त्यांना वाटत असेल, रुसलाय. तेवढीच शांतता. ते पुढे बसून माझ्या नसण्याची मजा घेत असतील, खिडकीतून हात बाहेर काढून. आणि फौजदार? ती तर मागेच होती, माझ्या रिकाम्या जागेसमोर! ती झोपली होती म्हणे. डोळा लागला म्हणे. ऐन दुपारी, पावाच्या वासात. हे मला नंतर सांगण्यात आलं आणि मी हो म्हटलं.

उन्हात उभं राहून पाय भरले तेव्हा मी न्हाव्याकडे शिरलो. केस कापायचे नव्हते, सावली हवी होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. न्हावी जाडा, संथ, कात्रीला तेल घालत बसलेला. मी खुर्चीत बसलो, आणि बसल्या बसल्या माझं तोंड सुरू झालं, कारण तोंड सुरू झालं नसतं तर डोळे सुरू झाले असते.

"माझी माणसं मला इथे टाकून गेली," मी म्हटलं.

"जातात," न्हावी म्हणाला.

"बोकडामुळे."

"असेल."

"मी साधा माणूस नाही. या तुमच्या खाडीत मी एकदा लाट थांबवलीय. घंटेने."

"हो का? बरं झालं."

"मासे दिसत होते तिच्या पोटात!"

"दिसणारच," तो म्हणाला आणि कात्री उघडझाप करून बघितली. आयुष्यात इतका अपमान मला कोणी केला नव्हता. मी सांगत गेलो, तो मानत गेला. मी म्हटलं माझ्या बसमध्ये एकदा हत्ती चढला होता, त्याला अर्धं तिकीट द्यायचं की पूर्ण यावर भांडण झालं. तो म्हणाला, अर्धं द्यायला हवं होतं, उभा असेल तो. मला त्याची मान धरून गदगदा हलवावीशी वाटली. अरे, नाही म्हण! कशावरून म्हण! विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये तसं ते होतं. तिथल्या आरशात मला माझं तोंड दिसलं, चष्म्याशिवाय, कडा पुसलेलं, एखाद्या जुन्या तिकिटावरच्या छापासारखं. आणि मला एकाएकी त्या भांडकुदळ पोरीची आठवण आली. "हत्तीने तिकीट कुठे ठेवलं, आजोबा? खिसा होता का? कशावरून?" वर्गात सगळे हसले तेव्हा तिने काय केलं असेल? बुटाकडे बघितलं असेल. आणि घरी येऊन मला सांगू नका म्हणाली. माझा राग तिथे क्षणभर आपली जागा सोडून उभा राहिला, मग दुसरी जागा न मिळाल्यामुळे परत येऊन बसला.

बाहेर आलो तर पाणी आलं होतं. कधी आलं कळलं नाही, मी दाखवलेला खांब निम्मा बुडाला होता. आणि चढावरून ते घर येत होतं. वेगात, कपाट आपटत, हॉर्न वाजवत. नीट थांबलंही नव्हतं तेवढ्यात मुलगा उतरून धावत आला. एका पायात चप्पल. त्याने माझं मनगट धरलं. मी बिनतिकीट उतारूचं धरायचो तसं धरलं, आणि हात बर्फासारखा गार.

"कुठे गेला होतात?" तो ओरडला.

"मी?" मी म्हटलं. "मी होतो तिथेच आहे. गेलात तुम्ही."

सूनबाई रडत होती. पेट्रोल पंपावर तिने आमच्या भागाचं दार उघडून विचारलं होतं, "अप्पा, चहा घेणार?" माझ्या उशीला विचारला तिने चहा. नात दारात उभी होती, एक हात चौकटीला.

"पण डबल आली होती," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "मी ऐकली. दार लागलं आणि डबल आली. दोन. स्पष्ट. अप्पा, दोनदा कोणी वाजवलं?"

आता इथे जरा थांबा. त्याने विचारलं तेव्हा माझी सगळी सुंदर वाक्यं तयार होती. तू डेपोत गेलास. तू हसलास. तुला शांतता हवी होती ना, घे. एक वाक्य बोललो असतो तर काय ते तिथल्या तिथे फुटलं असतं. पण त्याची ती एक चप्पल. आणि तो गार हात. आणि मागे दारात ती. माझ्या तोंडाला जे येतं तेच आलं.

"बोकडाने," मी म्हटलं.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, आता येईल तो संशय. डोळे बारीक होतील, मान तिरकी होईल, विचारेल, कुठला बोकड, रंग कोणता, शिंगं किती, कुठे गेला. धडकेची खूण बघायला पत्र्यापाशी जाईल. ये बाबा, ये. मोज माझे ओरखडे. मी वाट बघत होतो. आणि तो संशय आला नाही. त्याचे डोळे मऊ झाले. ओले झाले. त्याने माझं मनगट सोडलं आणि खांद्यावर हात ठेवला, हळू, काच ठेवावी तसा, आणि म्हणाला, "हो अप्पा. बोकडाने. चला, आत बसू या." माझ्या मुलाने, ज्याने जळक्या लाकडावर कधी विश्वास ठेवला नाही त्याने, माझी थाप न तपासता स्वीकारली. त्या न्हाव्यासारखी. मला त्या क्षणी त्याच्या मुस्कटात मारायची होती.

पुढचं तुम्हाला दिसतंच आहे, गळ्यात. घरी आल्यावर डॉक्टर. डॉक्टरने विचारलं आज वार कोणता. मी म्हटलं, तुमच्या घड्याळात का बिघाड झालाय? म्हणाला, घड्याळाचं चित्र काढा. मी असं घड्याळ काढलं की त्यातून कोंबडा बाहेर येतो. त्याने मुलाकडे बघितलं, मुलाने माझ्याकडे. मग पहारेकऱ्याला हुकूम. मग कार्ड. आणि आता पुढच्या महिन्यापासून दिवसभर माझ्याजवळ बसायला एक बाई येणार आहे. ती म्हणे फार शांत आहे. रोज संध्याकाळी मुलगा कामावरून येतो आणि माझ्या शेजारी बसून, हळू आवाजात, सावकाश, सोपे शब्द वापरून बोलतो. त्याला वाटतं त्याने आरशात बघितलं नाही म्हणून हे झालं. झोपेत दचकतो, सूनबाई सांगत होती. दचकू दे. त्याने बघायलाच हवं होतं. कोणाच्याही दोन थापांवर इतका विश्वास टाकायचाच कशाला?

"पण आजोबा," इस्त्रीवाला म्हणाला. त्याने इस्त्री उभी करून ठेवली होती. "बोकड एकदा धडकला, मग मागे सरकला म्हणता. मग दुसऱ्यांदा कशाला आला?"

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्याच धडकेत त्याचं कपाळ शेकलं असेल. जनावर शहाणं असतं. एक दिली की पुरे."

फाटक वाजलं. मुलगा कामावरून आला होता, शर्ट न्यायला इस्त्रीच्या टेबलापाशी थांबला. मला बघून त्याने ते सोपं, सावकाश हसू केलं, माझ्यासाठी वेगळं ठेवलेलं. म्हणाला, "काय अप्पा, बोकडाची गोष्ट का? छान." छान! माझा तळहात पुन्हा पेटला.

"त्याचं असं आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पहिली धडक दिल्यावर तो थांबला. उभा राहिला. डोकं वर करून. विचार करत होता. आता त्याच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला माहीत, पण जनावराला राग आला की..."

"खोटं."

नातीने शेंगदाण्यांची पुडी बाकावर ठेवली होती. पाय हलायचे थांबले होते.

"खोटं आहे, आजोबा. बोकड नव्हताच. दार तुम्ही लावलंत. तुम्ही हाताने एकदा वाजवलंत आणि हात तसाच वर धरलात. मी मागच्या काचेतून बघत होते. मी मान हलवली, नको म्हणून. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि मग दुसरी दिलीत." मग ती बापाकडे वळली. "मी झोपले नव्हते, बाबा. तेही खोटंच. डबल दिल्यावर गाडी थांबवायची नसते, म्हणून मी गप्प बसले. आजोबांना काही झालेलं नाही. त्यांना सगळं आठवतं. विचारा त्यांना."